मुलुंडच्या जंगलातली क्लच वायर

ताडोबाला मी चार वेळा जाऊन आले, कान्हाला दोनदा. एकदा तर वाघ बघायला म्हणून राजस्थानात तीन दिवस जीपमध्ये बसून धूळ खाल्ली आणि मोर बघून परत आले. पण घाटकोपरला आमच्या गच्चीत पापड वाळत घालताना समोर जी हिरवी डोंगररांग दिसते, तिथे बेचाळीस वर्षांत एकदाही पाय ठेवला नव्हता. जानेवारीत ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "मुलुंडला एक वारली पाडा आहे बघ. तिथल्या बायका दर शनिवारी जंगलात फिरून शिकारीसाठी लावलेले तारेचे फास काढतात. पाहुण्यांनाही नेतात सोबत." मी त्याच दिवशी फोन केला.

फोन सुनंदाने उचलला. वय माझ्याएवढंच, आवाज खणखणीत. माणशी सातशे रुपये, दुपारचं जेवण त्यातच, मुक्काम केला तर पाचशे वेगळे. "भडक कपडे नकोत, सेंट मारून यायचं नाही आणि जंगलात मी सांगेन तेव्हा गप्प बसायचं. जमेल ना?" म्हटलं, जमेल. तेवढंच जमलं नाही.

पाड्याचं नाव आणि रस्ता या वेळी देत नाहीये. मी चहाच्या टपरीचासुद्धा पत्ता देणारी बाई आहे, तुम्हाला माहीतच आहे. पण शेवटपर्यंत वाचा, मग मला शिव्या द्या.

नवीन वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी मोटार विम्याची सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, कुठला पार्ट कशाने तुटला ते ठरवायचं आणि सही करायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे गाडीचा कुठलाही तुकडा दिसला की माझं तोंड आपोआप चालू होतं. घरचे वैतागतात, मी ऐकत नाही.

शनिवारी सकाळी सहाला मुलुंड पश्चिमेला उतरले. सुनंदाने तिच्या धाकट्या भावाला, किसनला, रिक्षा घेऊन पाठवलं होतं. हडकुळा, हसरा, कानात बाळी. रिक्षाच्या मागे लाल अक्षरांत 'वाघोबा प्रसन्न' आणि खाली बसलेला बिबट्या रंगवलेला. मीटर टाकायला तो काही तयार होईना. "पाहुण्याकडनं काय घ्यायचं, ताई?" टॉवर संपले, गॅरेजं संपली, चढ लागला. एवढ्या चढावर गाडी एकदाही कुरकुरली नाही.

"क्लच नवीन टाकलास वाटतं रे?"

तो खूश झाला. "बरोबर ओळखलंत! पंधरा दिवस झाले. जुनी वायर पार ढिली झाली होती."

मीही खूश झाले. गाडीतलं कळणारी बाई म्हणून कोणी कौतुक केलं की मी फुगतेच.

पाडा म्हणजे तीसेक घरं. सुनंदाचं घर शेवटचं, पलीकडे लगेच झाडी. अंगणाशेजारी करांद्यांचा वाफा होता, म्हणजे होता म्हणायचा. सगळी माती उकरून पडलेली. सुनंदाची आई तिथे बसून उरलेसुरले कंद वेचत होती. "डुकरं," ती म्हणाली. "तीन रात्री आली. वर्षाचं खाणं गेलं." एवढं बोलून तिने आम्हाला कोरा चहा दिला.

आमच्यासोबत चेंबूरचं एक जोडपं होतं, दोघंही नुकतीच रिटायर झालेली, नवऱ्याच्या गळ्यात भलामोठा कॅमेरा. पाड्यातल्या बायका चार, सुनंदा धरून. निघताना त्या वाटेवरच्या वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी थांबल्या. सुनंदाने नमस्कार केला आणि नेहमीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "पाहुणे आणलेत रे, सांभाळ." आठ वर्षं हे चाललंय. पगार नाही, हातात फक्त पक्कड आणि खांद्याला पिशवी. पूर्वी पाड्यात कोणी कोणी फास लावायचं, ते या बायकांनीच घराघरात भांडून बंद केलं. "स्वतःच्या सासऱ्याशी दोन महिने अबोला धरला होता मी," त्यांच्यातली एक म्हणाली आणि बाकीच्या खो खो हसल्या.

काम साधं वाटतं, पण नाही. त्या वाटेने चालतच नाहीत. डुक्कर, भेकर जिथून जातं ती गवतातली फट शोधायची आणि बसून बघायचं. तार गवताच्या रंगाची झालेली असते. पहिल्या तासात दोन गंजके फास मिळाले, दोन्ही जुने, बाहेरच्यांचे. मला एकही दिसला नाही. अक्षरशः पायाजवळ होता तरी.

पाऊण तास पुढे गेल्यावर सुनंदाने हात वर केला आणि आम्ही सगळे जागच्या जागी बसलो. आधी आवाज आला. करवतीने लाकूड कापतात तसा, मध्येच तुटणारा. मग करवंदीच्या जाळीखाली ती दिसली. बिबट्याची मादी. तार पोटाभोवती आवळलेली, दुसरं टोक झाडाला. ती ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती. आजूबाजूची माती गोल उकरलेली. चेंबूरच्या काकांनी कॅमेरा उचलला. सुनंदाने मागे न बघता म्हटलं, "तो खाली ठेवा." त्यांनी ठेवला.

तिने वनखात्याच्या गार्डला फोन लावला, बाकीच्यांना मागे पाठवलं आणि स्वतः थोडी पुढे सरकून बसली. अडीच तास. खात्याच्या जनावरांच्या डॉक्टरांची गाडी येईपर्यंत आम्ही दगडामागे अडीच तास तो आवाज ऐकला. खालून टॉवरच्या बांधकामाची ठकठक येत होती. मी आजवर किती वाघ बघितले, किती फोटो काढले, त्या अडीच तासांत त्या सगळ्याची मला किळस आली. डॉक्टरांनी बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं, तार कापली आणि पोट बघून मान हलवली. वीसेक मिनिटांत ती गेली.

सुनंदा तिच्याजवळ उकिडवी बसली. तिने पोटावर हात ठेवला. "दूध आहे हिला," ती म्हणाली. "पिल्लं आहेत कुठेतरी."

तोवर खात्याचे साहेब आले होते. त्यांनी कापलेली तार उचलून उजेडात धरली. "ही कसली वायर आहे?"

कोणी मला विचारलं नव्हतं. तरी मी पुढे झाले. "रिक्षाची आहे, साहेब. क्लचची. बाईकची वायर मीटरभर असते. रिक्षाचं इंजिन मागे, म्हणून ही दोन मीटरच्या वर, आणि हे टोकाचं शिशाचं बोंडूक बघा. फार जुनीही नाही, अजून ग्रीस आहे."

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" मी माझा परवाना सांगितला. त्यांनी लिहून घेतलं. पंचनामा झाला, दोन पानांचा. वाचल्याशिवाय मी सही करत नाही, धंद्याचा नियम आहे. दोनदा वाचला, सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

मान वर केली तेव्हा सुनंदा माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. काहीच नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात सकाळचा चढ आला, कुरकुर न करता चढलेला. आणि किसनची ती ढिली झालेली जुनी वायर. काय बोलून बसले मी!

पाड्यात परतलो तर सुनंदाच्या आईने अंगणातूनच सांगितलं, "आज आमच्याकडे चूल पेटणार नाही." घरातलं माणूस गेलं तर जसं, तसंच. बिबट्या मेला की त्यांच्या घरात असंच करतात. चेंबूरचे काका पुटपुटले, "पण आपण जेवणाचे पैसे भरलेत ना?" त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले. म्हातारीने आम्हाला केळी दिली. ती दोघं केळी घेऊन निघून गेली. मीही जायला हवं होतं. पण पळून गेल्यासारखं होईल म्हणून थांबले.

पाचच्या सुमाराला साहेब दोन गार्ड घेऊन आले. "पाड्यात रिक्षा कोणाची?" पाड्यात रिक्षा एकच होती आणि ती समोर उभी होती. किसन तिच्यातच बसला होता, दुपारपासून. तो उतरला. "डुकरासाठी लावला होता, साहेब," एवढंच म्हणाला. आईच्या वाफ्याकडे त्याने बोट दाखवलं, पण तिकडे कोणी बघितलं नाही. जीपमध्ये चढताना तो मला म्हणाला, "ताई, उद्या स्टेशनला सोडायला दुसरं कोणीतरी बघा हां." त्याला अजून माहीत नव्हतं की तार कोणी ओळखली. मी मान डोलावली. आठवलं की अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी चारही बायका पक्कड-पिशवी घेऊन निघाल्या. पिल्लांची जागा त्यांना साधारण ठाऊक होती, ओढ्याच्या वरच्या अंगाला तीन मोठे दगड आहेत तिथे. मीही मागे गेले. वाघोबाच्या दगडापाशी गार्ड उभा होता, ओळखीचाच. त्याची मान खाली. "सुनंदाताई, आजपासून पाड्यातल्या कोणालाच आत सोडायचं नाही. वरून सांगितलंय."

"पिल्लं उपाशी आहेत रे."

"मला माहितीये. माझ्या हातात नाही."

तिने त्याला जागा समजावून सांगितली. दगड, ओढा, वाकलेलं कुड्याचं झाड, कुठून वारा येतो तेसुद्धा. मग त्याच्याकडून परत वदवून घेतली. बाकीच्या तिघी तिथेच खाली बसल्या, कोणाला घरी जायचं सुचत नव्हतं. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "सुनंदा, मी बोलायला नको होतं. मला खरंच वाटलं नाही की..."

"तुम्ही खोटं कुठं बोललात?" ती म्हणाली. "मी तर बघितल्याबरोबर ओळखली होती. त्याची जुनी वायर माझ्याच अंगणात पडली होती. संध्याकाळी मी त्याचा हात धरून चौकीवर नेणार होते. सगळ्या पाड्यासमोर. आठ वर्षं आम्ही दुसऱ्यांना बोललो, मग घरच्याला सोडणार होते काय?" तिने पक्कड पिशवीत टाकली. "मी नेला असता तर पाड्याने आपला माणूस आणून दिला, असं झालं असतं. आता आम्ही लपवत होतो आणि बाहेरच्या बाईने पकडून दिलं, असं झालंय. खात्याचे लोक वर्षानुवर्षं आम्हाला खाली बिल्डिंगीत हलवायचं म्हणतायत. आता त्यांना कारण मिळालं."

कपाळ माझं! संध्याकाळपर्यंत तोंड मिटून बसले असते तर त्या बाईला स्वतःच्या भावाला स्वतः घेऊन जाता आलं असतं. शिक्षा कदाचित तीच झाली असती. पण पाड्याची मान ताठ राहिली असती.

परत यायला चालत खाली उतरले, पहिल्या गॅरेजपाशी रिक्षा मिळाली. मीटरने नव्वद रुपये झाले. मुलुंडहून घाटकोपर किती लांब आहे? गाडी वेळेवर मिळाली की पंधरा-वीस मिनिटं. तासाभरात मी घरी होते आणि आई विचारत होती, "दिसला का गं बिबट्या?"

तीन आठवड्यांनी सुनंदाचा फोन आला. एक पिल्लू मिळालं जिवंत, तिने सांगितलेल्याच जागी. दुसरं नाही मिळालं. किसनला जामीन नाही. रिक्षा जप्त. बायकांना अजून आत सोडत नाहीत, आणि फास? "लावतच असतील की बाहेरचे," ती म्हणाली. "आता काढायला कोण आहे?" आई अजून त्या वाफ्यात काही लावायला तयार नाही.

मी म्हटलं, "सुनंदा, मला कोर्टात बोलावतील. मी काय सांगू?"

"खरं तेच सांगा. वायर रिक्षाची होती, ती होतीच. फक्त एक करा, ताई. त्या मादीला आम्ही शोधली, हे सांगा. आम्ही फोन केला, आम्ही बसलो तिच्यापाशी. खात्याच्या कागदात तसं नाहीये म्हणतात."

म्हणून ही पोस्ट. रस्ता विचारू नका, आता तिथे पाहुणे नेत नाहीत. त्या मादीला सुनंदाने आणि पाड्यातल्या तीन बायकांनी शोधलं. गस्तीवरच्या कोणी नाही, मी तर नाहीच.

फोन ठेवला आणि कपाटातून पंचनाम्याची माझी प्रत काढली. गस्तीदरम्यान मादी आढळली, असं पहिल्याच ओळीत आहे. माझं नाव चार वेळा आहे, परवाना क्रमांकासकट. सुनंदाचं एकदाही नाही, पाड्यातल्या एकाही बाईचं नाही. खाली माझी सही आहे, ठसठशीत. दोनदा वाचून केलेली. आणि त्या दिवशी, सुनंदापासून दहा पावलांवर उभं राहून वाचताना, त्यात काही राहिलंय असं मला वाटलंसुद्धा नव्हतं.