रुमालाखालचा शब्द

बिरूअण्णांना एका मंत्र्यानं फसवलं. विधानभवनात, दिवसाढवळ्या, हातात हात घेऊन फसवलं. आमचे माजी आमदार बिरूअण्णा जाऊन आता काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहा म्हणून मला सांगितलं गेलं, आणि अशा लेखात चार बऱ्या गोष्टी आधी लिहायच्या असतात हे मला कळतं. पण मी सुरुवात इथूनच करणार. बऱ्या गोष्टी लिहायला त्यांच्या पक्षाचे लोक आहेत.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. घर सोलापुरात, पण आठवड्यातले निम्मे दिवस आसपासच्या तालुक्यांच्या बाजारात जातात. आमच्यात भाव तोंडानं ठरत नाही. दोघं हात पुढे करतात, वर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा चालतो. शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळत नाही. शेवटी मूठ दाबली की व्यवहार पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही. तरी तो शब्द कुणी मोडत नाही, कारण मोडणाऱ्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही. अण्णांची बातमी आली तेव्हा माझा एक हात असाच रुमालाखाली होता आणि दुसऱ्या हातात फोन. पलीकडून अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "कासीमभाई, तुमचं अण्णा गेलं वो..." समोरचा माणूस बोटं दाबतच होता. मी हात काढून घेतला. अर्ध्या सौद्यातून मी हात काढला तो आयुष्यात त्याच दिवशी.

अण्णा मेंढपाळाच्या घरातले. माझ्याकडे ना बापाचा धंदा होता, ना ओळख, तेव्हा अण्णांनी स्वतःच्या कळपातली बकरी निव्वळ शब्दावर माझ्या हवाली केली होती. पुढे ते आमदार झाले. कसे झाले ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. दोन मोठ्या घराण्यांचं भांडण लागलं आणि मधल्यामध्ये तिकीट यांच्याकडे आलं, एवढंच. सभागृहात त्यांना शेवटच्या रांगेतली जागा मिळाली, खांबाजवळची. टीव्हीवर कामकाज दाखवत तेव्हा पुढच्या लोकांच्या खांद्यामागून त्यांच्या फेट्याचा शेंडा तेवढा दिसायचा. मी चिडून म्हणायचो, "अण्णा, पुढं सरका की जरा!" ते म्हणायचे, "कळपाच्या मागं चालणाऱ्यालाच समदी मेंढरं दिसत्यात, कासीम."

आणि खरंच, मागे बसून त्यांनी जेवढं काम केलं तेवढं पुढच्यांनी केलं नसेल. मंत्रिपदाकडे डोळा नव्हता, भाषणाची हौस नव्हती. प्रश्न मात्र पोत्यानं टाकायचे. त्यातला एक प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. त्यांच्या मतदारसंघातल्या काटेवस्तीचा जनावरांचा दवाखाना. इमारत उभी, रंग दिलेला, दारावर पाटी आणि दाराला कुलूप. डॉक्टरची नेमणूकच नाही. एका वर्षी मेंढरांमध्ये नीलजीभ आली. तोंडाला सूज, जीभ काळीनिळी, उभ्या जागी जनावरं बसायची ती उठायची नाहीत. लोकांनी आजारी मेंढरं उचलून दवाखान्याच्या पायरीवर आणून ठेवली, कारण पाटीवर दवाखाना लिहिलं होतं. त्या पायरीवर अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ह्या दाराचं कुलूप मी काढणार. न्हाय काढलं तर मला मत देऊ नका."

त्यांनी तारांकित प्रश्न टाकला: काटेवस्ती येथील दवाखान्यात डॉक्टर नाही, हे खरे आहे काय? उत्तर छापून आलं: हे अंशतः खरे आहे. अण्णांनी ते मला माझ्या दुकानात बसून वाचून दाखवलं आणि इतके हसले, इतके हसले की चहा सांडला. "डॉक्टर अंशतः हाय म्हणं! कमरंच्या वर हाय का खाली, ते तेवढं लिवलं न्हाय." मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हणालो, आता सोडू नका, मान धरा यांची.

त्यांनी धरलीही. नागपूरच्या अधिवेशनात त्यांची लक्षवेधी सूचना लागली. म्हणजे आता छापील उत्तरावर सुटका नव्हती. त्या खात्याच्या मंत्र्याला सभागृहात उभं राहून बोलावं लागणार होतं, आणि तिथं दिलेलं आश्वासन नोंदवलं जातं, त्याचा पुढे हिशेब मागता येतो. मी बाजार सोडून नागपूरला गेलो. गॅलरीचा पास अण्णांनीच काढून दिला. तिथं पायावर पाय टाकून बसलं तरी माणूस येऊन पाय खाली घ्यायला सांगतो. मला एका जागी बसायची सवय नाही, तरी गप्प बसलो. लक्षवेधीचा पुकारा झाला. अण्णा बाहेरून घाईघाईनं आत आले, खांबाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांशी माझी चर्चा झाली आहे. मी सूचनेचा आग्रह धरत नाही." बसले. पुढचा विषय सुरूही झाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाहेरच्या हिरवळीवर त्यांना गाठलं. चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा.

"झालं काम, कासीम! लॉबीत मला बाजूला घेतलं त्यांनी. म्हणालं, मी बी गावाकडचाच हाय, अण्णा. आन् हातावर सोताचं उपरणं टाकलं बघ! तीन बोटं दाबली. तीन महिन्यांत डॉक्टर. मूठ पन दाबली."

"आन् तुमी आत जाऊन सूचना सोडलीसा?"

"मग? सौदा झाल्यावर वरडत बसायचं व्हय?"

"अण्णा, हे काय बकऱ्याचा बाजार हाय का? आत चार शब्द बोलून घ्यायचं हुतं त्यांच्या तोंडून! नोंद झाली असती!"

"तुझ्याकडनं मी कदी लिवून घेतलं व्हतं का रं?"

मी तोंडाला येईल ते बोललो आणि सोलापूरची गाडी पकडली.

तीन महिने गेले. मग वर्ष गेलं. अण्णा आश्वासनांचं बघणाऱ्या समितीकडे गेले. तिथल्या लोकांनी त्या दिवसाचं नोंदलेलं कामकाज काढून दाखवलं. त्यात मंत्र्यांचा एक शब्द नव्हता. होतं ते फक्त अण्णांचंच वाक्य: मी आग्रह धरत नाही. आश्वासनच नाही, तर पूर्ती कसली मागता, म्हणाले. मंत्र्यांना भेटायला गेले तर ते प्रेमानं म्हणाले, "अण्णा, आपली सहज गाठ पडली होती की!" सहज! एवढ्या मोठ्या माणसाला बाजारातली रीत ठाऊक होती, म्हणून तर उपरणं टाकलं. ठाऊक नसती तर त्याला नेहमीसारखी थाप मारावी लागली असती, आणि थापेला अण्णा कधी भुलले नसते.

पुढच्या निवडणुकीत काटेवस्तीनं अण्णांचंच म्हणणं ऐकलं. मत दिलं नाही. सभेत लोकांनी विचारलं, "अण्णा, कुलूप अंशतः निगालं का?" ते खाली बसले. शेवटची भेट त्यांच्या ओसरीवर झाली. मी पुन्हा तोच विषय काढला, मंत्र्याचं नाव घेऊन सगळ्यांना सांगा म्हणालो. ते उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत राहिले... "मूठ दाबली हुती रं त्यानं," एवढंच बोलले. माणूस खोटं बोलला याचं त्यांना तितकं दुःख नव्हतं. हाताला खोटं बोलता येतं, हे त्यांना त्या सौद्यात पहिल्यांदा कळलं, आणि ते काही त्यांच्या पचनी पडलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी त्यांचा रुमाल मला दिला. विटका, कडेला मेंढराच्या लोकरीचा वास अजून धरून असलेला. माझ्याच सौद्यांवर तो किती वेळा पडला असेल. परवा बाजारात मी तो एकाच्या हातावर टाकला आणि बोटं दाबायच्या आत परत उचलून घेतला. तेव्हापासून तो दुकानात खिळ्याला आहे. गिऱ्हाईकाशी बोलताना नजर तिकडे जाते, चांगला सौदा हातचा जातो, आणि मी पोरांवर उगाच ओरडतो. काटेवस्तीच्या दाराला कुलूप आहे तसंच आहे.

आता अधिवेशन येईल. पहिल्या दिवशी दिवंगत सदस्यांचा शोकप्रस्ताव असतो, त्यात अण्णांचं नाव वाचलं जाईल. ते मंत्री आजही त्या सभागृहात आहेत, पहिल्या रांगेत. ते उठतील, अण्णांना जागरूक सदस्य म्हणतील, ग्रामीण भागाचा आवाज हरपला म्हणतील. त्या वेळी बोललेला शब्द न् शब्द नोंदवला जातो. म्हणून अण्णांनी सोडलेली सूचना मी आज इथं पुन्हा मांडतो, आणि मी आग्रह धरतो. नागपूरच्या लॉबीत आपण बिरूअण्णांच्या हातावर उपरणं टाकलंत, तीन बोटं दाबलीत आणि मूठ आवळलीत, हे खरे आहे काय? उभं राहून, सभागृहात सांगा. आणि अंशतः खरे आहे, हे उत्तर मी घेणार नाही.