लायलॅकला आभार चालत नाहीत

आर्डिस स्प्रेगच्या स्वयंपाकघराच्या दाराशी लायलॅकचं एक थोराड झुडूप होतं आणि त्याने तिच्या डोक्याला त्रेपन्न वर्षं ताप दिला होता. मे महिना संपत आला, जांभळ्या घोसांनी फांद्या वाकल्या, की निम्मं गाव बादल्या घेऊन दारात. कबरींवर फुलं ठेवायचा दिवस त्याच सुमारास येतो, आणि व्हर्माँटच्या या डोंगरात तेव्हा दुसरं फुलतं तरी काय? "आर्डिस, दोनच फांद्या," म्हणत लोक यायचे आणि झुडपाची एक बाजू बोडकी करून जायचे. शहरातले प्रवासी तर विचारायचेही नाहीत. रस्त्यात गाडी उभी करायची, कडाकड फांद्या मोडायच्या आणि वर तिलाच हात हलवून दाखवायचा!

पण परके परवडले. पोटचा मुलगा रॉडनी, चांगला तिशीचा बाप्या, त्याने एकदा ऑक्टोबरात आईला बरं वाटावं म्हणून सगळं झुडूप वरून सपाट छाटून टाकलं. लायलॅक पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरून बसतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या वर्षी एक फूल आलं नाही. सासूच्या कबरीवर आर्डिसला शेजारणीकडून मागून आणलेली फुलं ठेवावी लागली. हे ती रॉडनीला दर ऑक्टोबरात ऐकवत असे.

सासू म्हणजे लव्हिना स्प्रेग. रस्त्याच्या पलीकडे तिचं घर होतं, त्याचा आता दगडी तळघराचा खड्डा तेवढा उरलाय आणि त्यात बर्चची झाडं वाढलीत. वर डोंगरात असे खड्डे पुष्कळ. माणसं पश्चिमेला निघून गेली, नाहीतर गिरणीत कामाला गेली. घरं बसली, कुंपणं रानात बुडाली. पण लायलॅक जागच्या जागी. एक पुढच्या दाराशी, एक मागे संडासाच्या आडोशाला. मोजणीखात्याचा माणूस नकाशा घेऊन आला तेव्हा त्याला जुनं एकही घर सापडेना. आर्डिसने कपाळाला हात लावला. "नकाशा ठेव खिशात आणि फुलं बघत चाल," ती म्हणाली. "जिथे लायलॅक, तिथे दार. जिथे दार, तिथे कुणीतरी बाई नवीन नवरी म्हणून आली होती. एवढं साधं आहे."

कारण लायलॅक कुणी विकत आणत नसे. तो बाईकडून बाईकडे जायचा. मुळाशी फुटलेला हातभर फुटवा खणायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि नव्या घरच्या सुनेच्या हातात द्यायचा. आणि घेणारीने काही झालं तरी आभार मानायचे नाहीत. मानले की रोप मेलंच. उलट त्याला नावं ठेवायची, म्हणजे ते इरेला पेटतं आणि मूळ धरतं. आर्डिस नवरी होऊन आली तेव्हा लव्हिनाने फुटवा पुढे केला. आर्डिसने तो उलटासुलटा करून पाहिला आणि ती म्हणाली, "एवढंसंच? हे जगेल तरी का?" कधी न हसणाऱ्या लव्हिनाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चौथ्या वर्षी झुडूप फुललं. पुढे लव्हिनाचं घर जळालं, दाराशी असलेला तिचा लायलॅक मुळासकट गेला, आणि त्या वंशातलं आर्डिसच्या दारातलं हे एकच राहिलं.

आणि मग आली कोलीन.

रॉडनीची बायको कोलीन कनेक्टिकटच्या एका सधन गावातली. स्वभावाने वाईट नव्हती, पण तोंडात सदा साखर. दार उघडलं तरी आभार, मीठ सरकवलं तरी आभार. एकोणीस वर्षांपूर्वी आर्डिसने तिला फुटवा दिला तेव्हा ती तीनदा आभार मानून मोकळी झाली, गळ्यात पडली, आणि चार दिवसांनी टपालाने एक कार्ड आलं. त्यावर छापील फुलं आणि आत पानभर आभार! आर्डिसने ते वाचून रॉडनीला फोन केला.

"संपलं ते रोप. बायकोला सांग, त्या जागेवर भोपळा लाव."

"आई, आभार मानायचे नसतात हे तू तिला सांगितलं होतंस का?"

"हे काय सांगायचं असतं?"

रोप दुसऱ्या हिवाळ्यात वाळलं. त्यांनी ते मेपलच्या गर्द सावलीत लावलं होतं, हे कारण रॉडनी द्यायचा. आर्डिसच्या लेखी कारण एकच होतं, आणि घरात वाद नको म्हणून रॉडनीने ते बायकोच्या कानावर कधी घातलं नाही. त्यानंतर सासूसुनेचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं. कोलीन गोडच बोलत राहिली आणि आर्डिस दर वेळी "हं" म्हणत राहिली. एकोणीस वर्षं "हं"वर काढायची म्हणजे दोघींची कमालच म्हणायची.

यंदा मार्चमध्ये बर्फावर पाय घसरून आर्डिसचं खुब्याचं हाड मोडलं आणि सगळेच निर्णय दुसऱ्यांच्या हाती गेले. घर विकायचं ठरलं. तिने खाली गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचं ठरलं. तिथे खिडकीखाली डांबर, ओंजळभर माती नाही. ऑक्टोबरात घराचे नवे मालक मोजपट्टी घेऊन फिरून गेले. स्वयंपाकघराचं दार ते बुजवणार होते आणि तिथे गॅरेज बांधणार होते. झुडूप उपटायला खोदकामाचं यंत्र सोमवारी यायचं होतं.

आर्डिसने ॲरिझोनाला मुलीला फोन लावला. बेव्हर्ली म्हणाली, "आई, इथे थंडीच पडत नाही. थंडीशिवाय लायलॅकला फूल येत नाही, तूच सांगायचीस ना?"

"मीच सांगायचे," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती बराच वेळ खुर्चीत बसून दाराबाहेर बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता. खणायला तिच्या अंगात बळ नव्हतं. आणि आता विचारायला उरली होती ती एकच बाई.

शनिवारी सकाळी रॉडनी सामानाचा ट्रक घेऊन पुढे गेला. आर्डिसला न्यायला कोलीन मोटार घेऊन आली. आर्डिस काठी टेकत दाराशी उभी होती आणि तिच्या शेजारी भिंतीला फावडं टेकवलेलं होतं.

"तुला एक काम आहे," आर्डिस म्हणाली. "तो कडेचा फुटवा दिसतो ना, तो खण. मुळं तोडू नकोस. तुझ्या घरी लाव. उन्हात लाव."

कोलीन तिच्याकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने तोंड उघडलं. "आई, मी तुमची किती आ—"

"थांब!" आर्डिस एवढ्या जोरात ओरडली की छपरावरचा कावळा उडाला. "तो शब्द तोंडातून काढू नकोस. आभार मानले की रोप मरतं. मागच्या वेळी तूच मारलंस ते."

कोलीनचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे? म्हणून तुम्ही माझ्यावर एवढी वर्षं..."

"हं."

"हं नका म्हणू! मला कुणी सांगितलं होतं?"

"तू विचारलं नाहीस."

"काय विचारणार होते मी? आई, काडीचे आभार मानू का, म्हणून?" कोलीनचा आवाज चढला. आर्डिसने तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "एकोणीस वर्षं मी डोकं फोडून घेतेय की या बाईला माझं काय खुपतं! दर नाताळला, दर वाढदिवसाला! रॉडनीला विचारलं तर तो म्हणायचा, तिचा स्वभावच तसा आहे!"

"रॉडनीला काय कळतंय. त्याने ऑक्टोबरात छाटलं होतं."

"ते ऐकलंय मी! एकोणीस वेळा ऐकलंय!" कोलीनने फावडं उचललं आणि जमिनीत असं घातलं की आर्डिस एक पाऊल मागे सरकली. तिने खणलं, दगड उपसून बाजूला फेकले, गुडघ्यावर बसून चांगले बूट चिखलाने माखवले. मूळ मात्र एकही तुटू दिलं नाही, हे आर्डिसने पाहिलं. शेवटी फुटवा हातात धरून ती उभी राहिली. पानं गळालेली, वाकडी, हातभर काडी.

"ही?" ती धापा टाकत म्हणाली. "ही एवढीशी? हिच्यासाठी? याला झाड म्हणतात? मरतुकडी, वाकडी, झाडूलासुद्धा लावायच्या लायकीची नाही! हिच्या पायी माझी एकोणीस वर्षं गेली! हिला फूल येणार? माझ्या तळहाताला केस येतील आधी!"

तिने बाहीने कपाळाचा घाम पुसला.

"हं," आर्डिस म्हणाली. "एवढी नावं ठेवलीस, आता मूळ धरेल."

कोलीनने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या काडीकडे पाहिलं. तिला कळलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि ती तोंड घट्ट मिटून उभी राहिली, कारण आता तोंडातून काय निघालं असतं हे दोघींनाही माहीत होतं. आर्डिसने ओलं गोणपाट पुढे केलं. दोघींनी मिळून रोप गुंडाळलं, सुतळीने बांधलं. आर्डिसच्या बोटांना गाठ मारता येईना, तेव्हा कोलीनने तिथे बोट दाबून धरलं.

मग तिने मोटारीचं पुढचं दार उघडलं, रोप पुढच्या सीटवर उभं ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला.

"तुम्ही मागे बसा," ती म्हणाली.

आर्डिस स्प्रेग आयुष्यात कुणाच्या गाडीत मागे बसली नव्हती. ती मुकाट्याने मागे जाऊन बसली.