करड्या टोपणाची ट्यूब

लिहिण्याचा मला सराव नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि शिकलो तेही प्रयोगशाळेचं काम. चार लोकांनी वाचावं असं काही माझ्यासारख्यानं लिहायला घेणं हा आगाऊपणा वाटला, तर माफ करा. जे घडलं तेवढंच सांगतो.

त्या दिवशी मॅडमनी माझी वही पिवळ्या पिशवीत टाकली.

पिवळ्या पिशवीत रक्ताचे हातमोजे जातात, बरबटलेला कापूस जातो. संध्याकाळी ती जाळायला नेतात. कुवेतमधल्या एका विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान संशोधन केंद्रात मी कंत्राटी लॅब असिस्टंट होतो. लॅबमध्ये सहा-सात जण काम करत होते. मॅडमनी वहीची दोन पानं चाळली, वही चिमटीत धरली, पायानं डब्याचं झाकण उघडलं आणि आत सोडली. मग हसत, अगदी गोड आवाजात, मराठीत म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं हे असंच. दोन परीक्षा पास झालात की निघालात शिकवायला. तुझं काम ट्यूब मांडायचं. मांड."

बाकीचे केरळचे, इजिप्तचे, फिलिपिन्सचे. एक शब्द कुणाला कळला नाही. मॅडम हसल्या म्हणून तेही हसले.

मीही हसलो. हे लिहून ठेवतो.

मॅडम पुण्याच्या, मोठ्या शिकलेल्या, केंद्रात दोन नंबरच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, परक्या देशात आपलं माणूस भेटलं. त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" सांगितलं. "गाव?" लातूरकडचं. "अच्छा." त्या 'अच्छा'नंतर त्या माझ्याशी फक्त हुकुमापुरतं बोलल्या. दिवाळीला फराळाचा डबा आणला. सगळ्यांपुढे डबा धरला. माझ्यासमोर टिश्यू पेपर अंथरला आणि वरून दोन चकल्या सोडल्या. त्या चकल्या मी खाल्ल्या. कुरकुरीत होत्या. तेही लिहून ठेवतो.

आता वहीत काय होतं ते.

मधुमेहावर अभ्यास चालला होता. ऑफिसात बसणारा विद्यापीठाचा स्टाफ एकीकडे, फहाहीलजवळच्या लेबर कॅम्पातले कामगार दुसरीकडे. दोघांची उपाशीपोटीची साखर तपासायची. रक्त शरीराबाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी काही तास जिवंत असतात, साखर खात राहतात. म्हणून एक तर रक्त लगेच मशीनवर फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, नाही तर करड्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं. त्या ट्यूबमध्ये साखर टिकवणारं औषध असतं. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये नसतं.

स्टाफचं रक्त केंद्रातच घ्यायचे, करड्या ट्यूबमध्ये. कामगारांचं पहाटे पाचला घ्यायचे, लाल ट्यूबमध्ये. व्हॅन दोन-तीन कॅम्प करत नऊ-साडेनऊला पोचायची. सप्टेंबरचं ऊन, आणि ट्यूबच्या डब्यात बर्फ नाही. डबा उघडला की वाफ तोंडावर यायची. फॉर्मवर फक्त आमच्याकडे पोचल्याची वेळ लिहायची पद्धत. रक्त घेतल्याची वेळ नर्सच्या चिठ्ठीवर असायची आणि ती चिठ्ठी कचऱ्यात जायची. मी दोन्ही वेळा वहीत उतरवत होतो. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. कॉलेजात सरांनी सवय लावली होती एवढंच.

मॅडमना दबकत विचारलं होतं. "मॅडम, कॅम्पलाही करड्या ट्यूब दिल्या तर?"

"मोजक्या आहेत त्या. आधी आपल्या स्टाफला पुरायला नकोत?"

निकाल काय येणार होता? कामगारांची साखर कमी. मॅडमनी त्यावर स्लाइड केली: कष्टाचं शरीर निरोगी राहतं. ती स्लाइड पाहून मी मॅडमकडे वही घेऊन गेलो. आणि वही पिवळ्या पिशवीत गेली.

सगळे जेवायला गेल्यावर मी पिशवीत हात घातला. चोरासारखा. वहीवर कुणाच्या तरी रक्ताचा डाग पडला होता. एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेली, कपाटात ठेवली, आणि गप्प बसलो. नोकरी हवी होती मला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातल्याच एका कॅम्पात राहतात. चौदा वर्षं झाली, एका कंपनीत झाडूकाम करतात; मॅडमनाही ते ठाऊक होतं. त्यांनीही रक्त दिलं होतं. ट्यूबवर नाव नसतं, आकडे असतात. अण्णांची ट्यूब माझ्याच हातातून गेली आणि मला कळलं नाही.

जानेवारीत भेटायला गेलो तेव्हा खाटेखाली पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या होत्या. बुटानं घासून पायाचं बोट काळं पडलेलं.

"अण्णा, शुगर तपासा."

"तपासली की. तुझ्या युनिव्हर्सिटीनंच कागद दिलाय." उशाखालून त्यांनी घडी काढली. ९८. नॉर्मल. "तू काय डॉक्टरापरीस शाणा झाला का रं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे, ते चहा प्यायच्या आत, फहाहीलच्या दुकानातून आणलेल्या मशीनवर मी त्यांचं बोट टोचलं. २१४.

अण्णांनी मशीन उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मशीन बिघडलं आसंल." पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात पायाचं ते काळं पडलेलं बोट कापलं.

लाज वाटून मी सहा महिने गप्प होतो. बोट कापल्यावर लाज गेली.

पुढच्या मीटिंगला केंद्राच्या प्रमुख होत्या. कुवेती बाई, सगळे त्यांना अरबी पद्धतीनं 'डॉक्टरा' म्हणतात. त्या अभ्यासाचा शोधनिबंध छापायला जाणार होता. त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? मी उभा राहिलो.

मॅडम लगेच मराठीत बोलल्या, तसंच हसत. "खाली बस. बापाला झाडू मिळाला, तुला पांढरा कोट मिळाला. तेवढ्यात समाधान मान."

मी बसलो नाही. माझं इंग्रजी अडखळतं, तरी म्हणालो, "डॉक्टरा, मॅडम आत्ता मराठीत काय बोलल्या ते आधी सांगतो." आणि सांगितलं. झाडू सांगितला, कोट सांगितला. मागचं 'तुमचे लोक'ही सांगितलं, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो तेही. मॅडमचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. मग मी वही टेबलावर ठेवली. दोन्ही वेळा वाचून दाखवल्या. शेवटी अण्णांचा ९८चा कागद ठेवला.

डॉक्टरांनी वही प्लास्टिकमधूनच उलटसुलट पाहिली. "हा डाग कसला?"

"ही पिवळ्या पिशवीत होती, डॉक्टरा."

कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवलं. महिनाभरानं मला कंत्राटावर ठेवणाऱ्या कंपनीच्या मंदूबचा, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचा फोन आला: कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. मॅडम अजून तिथंच आहेत, तिथंच राहतील. माझी कुणी माफी मागितली नाही. अण्णांची तर नाहीच नाही.

आता मी नांदेडला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मला हेच काम करायचं आहे, रक्ताचं, आकड्यांचं, संशोधनाचं. जिथं जाईन तिथं माझी वही असेल, आणि तिच्यात दोन्ही वेळा असतील. माझ्यासमोर कुणी हसत अपमान केला तर मी हसणार नाही. तो सगळ्यांना कळेल अशा भाषेत, मोठ्यानं सांगेन. आणि वही पुन्हा पिशवीत गेली, तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हात घालून काढेन.

हे इथवर लिहिलं होतं. काल अण्णांचा फोन आला.

"आरं, तुझे युनिव्हर्सिटीवाले आले व्हते. समद्या कॅम्पाचं रगात परत घेत्यात."

"टोपण कोणतं होतं, अण्णा?"

"करडं. तू सांगितलं व्हतं न्हवं, म्या आधी तेच बघितलं."

"आणि वेळ?"

"नर्सबाई टाइम न लिव्हताच सुई टोचाय लागली. म्या हात मागं घेतला. म्हनलं, पहले टाइम लिखो. ती चिडली. लिव्हली मग. माझ्यामागं लईनीत लई मान्सं व्हती. बिहारी, बंगाली, आपली. एकानंबी टाइम लिव्हल्याबिगर हात दिला न्हाई."