चरकावर नसलेलं नाव

तुमचं हे सदर मी नेमानं वाचतो, पण विश्वास ठेवायला नाही. तीसेक वर्षं शाळेत गणित आणि शास्त्र शिकवलेला माणूस आहे मी. कुणाच्या मागं पावलं वाजली, कुणाला विहिरीवर बाई दिसली, की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि त्यातली खोट काढतो. ती म्हणते, कशाला लोकांच्या मागं लागता. पण माझी ती सवयच आहे.

माझ्याकडं एकच गोष्ट अशी आहे की जिच्यातली खोट मला आजवर सापडली नाही. ती मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. भीती वाटते म्हणून नव्हे... लाज वाटते म्हणून. आता सत्तरी उलटली, म्हणून लिहितो.

चाळीसच्या दशकाची सुरुवात होती, महायुद्ध चालू होतं. मी मूळचा पलूसकडचा. ट्रेनिंग संपवून कराड-पाटण रस्त्यावरच्या, कोयनेकाठच्या एका गावात शाळेवर लागलो. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांची ही गोष्ट त्या घरांतली माणसं अजून आहेत. तिथं नदीकडच्या माळावर एक ओतशाळा होती, म्हणजे बीड, ओतीव लोखंड, वितळवून उसाचे चरक ओतायचा छोटा कारखाना. पूर्वी आपल्याकडं चरक लाकडाचे असत आणि बराचसा रस चोथ्यातच राहायचा. या भागातला पहिला लोखंडी चरक आमच्या गावात ओतला, असं तिथली माणसं अभिमानानं सांगत. तो चरक कारखान्याच्या दारात दगडी कट्ट्यावर उभा करून ठेवला होता. खंडेनवमीला त्याला हार घालायचे. त्याच्या एका अंगाला सपाट पत्र्यासारखा भाग होता. त्यावर उठावदार अक्षरांत गावाचं नाव, त्याखाली मालकांचं नाव, आणि त्याखाली वीतभर कोरी, गुळगुळीत जागा.

त्या वर्षी इन्स्पेक्टर येणार होते. हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्ही नवे आहात, काहीतरी नवं करा. पोरांकडून एखादं हस्तलिखित करून घ्या. चांगलं झालं तर साताऱ्याच्या प्रदर्शनात पाठवू." मी विषय ठरवला - 'आपल्या गावचा कारखाना'. हल्ली ज्याला प्रोजेक्ट म्हणतात, तेच ते. काही मुलांनी म्हाताऱ्यांना लाकडी चरकाबद्दल विचारायचं, काहींनी भट्टीचं चित्र काढायचं. आणि सहा जणांना मी चरकावरच्या अक्षरांचा छाप घ्यायला लावलं. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नाणं उमटतं ना, तसाच. कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठीमागची कोरी बाजू दिली.

एक सांगायला हवं - मी तिथं टेंपररी होतो आणि ते मालक शाळा कमिटीवर होते.

गुरुवारी दुपारी सहा छाप माझ्या टेबलावर आले. पाच सारखे होते. सहावा सुभद्राचा. अकरा-बारा वर्षांची, कुंभारवाड्यातली, वर्गातल्या तीन मुलींपैकी एक. तिच्या कागदावर मालकांच्या नावाखाली आणखी काही उमटलं होतं. अक्षरं होती, पण वाचता येईनात. कागद खिडकीच्या उजेडात धरून मागच्या बाजूनं बघितला तेव्हा लागली. उलटी होती, आरशात दिसावीत तशी. 'ज्ञानू कुंभार'.

"हे कुणाचं नाव?" मी विचारलं.

"आज्ज्याचं," ती म्हणाली.

"आणि हे तू का लिहिलंस?"

"म्या न्हाई ल्हिवलं, गुरुजी. त्ये घासताना आपसूक आलं."

वर्ग हसला. बाकीच्या पाच कागदांवर ती जागा कोरी होती, आणि हिच्याच कागदावर हिच्याच आजोबांचं नाव. मला वाटलं, पोरगी शहाणपणा करतेय, शिवाय उलटी अक्षरं काढून माझी चेष्टाही करतेय. मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी पट्टी घेतली आणि तिच्या हातावर सहा मारल्या. ती रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्यादेखत मी तो कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा आली नाही. मधल्या सुट्टीत तिचे वडील, मारुती, व्हरांड्यात येऊन उभे राहिले. हाताची माती अजून वाळलेली नव्हती. मला वाटलं भांडायला आलेत.

"पोरीला मारलं त्येचं काय न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "चुकलं तर मारावंच. म्या दुसऱ्या कामानं आलोय. त्यो कागद तेवडा बघाया मिळंल का?"

"कशाला?"

"आमच्या बाचं नाव ल्हिवल्यालं म्या कुटं बघितलं न्हाई. मी लय ल्हान हुतो, पलेगात गेला त्यो. मला वाचाया येत न्हाई, पर बघितलं तर असतं."

मी म्हणालो, कागद फाटला. फाडला म्हणालो नाही, फाटला म्हणालो. त्यांनी मान हलवली, "बरं हाय," म्हणाले आणि गेले.

ते 'बरं हाय' माझ्या डोक्यातून जाईना. मग मी स्वतःची समजूत घालायला शास्त्राचा आधार घेतला. म्हटलं, आपण स्वतः छाप घेऊ, ती जागा कोरी निघेल आणि विषय संपेल. प्रदर्शनासाठी एक चांगला छाप हवाच होता. शाळेत ड्रॉइंगचा जाड कागद एकच शिल्लक होता, तो घेतला आणि रविवारी गेलो. रविवारी बाजार, कारखाना बंद. सकाळचे दहा-साडेदहा, लख्ख ऊन. आवारात फक्त म्हातारे बापू मिस्त्री राखणीला बसले होते, निंबाखाली, माझ्यापासून वीसेक पावलांवर.

आधी मी ती कोरी जागा रुमालानं पुसली. डोळे मिटून बोटांनी चाचपली. वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत होती. मग कागद लावून वरून घासायला लागलो. गावाचं नाव आलं. मालकांचं नाव आलं. खाली पेन्सिल नेली आणि सारखा करडा रंग येत राहिला. मला बरं वाटलं... आणि मग पेन्सिलीखाली काहीतरी अडखळल्यासारखं झालं. एक काळी आडवी रेघ आली. मी हात थांबवला. कागद उचलून खालचं लोखंड बघितलं. काही नव्हतं. कागद पुन्हा तसाच लावला आणि घासलं. माझ्या स्वतःच्या हाताखाली एकेक उलटं अक्षर वर येत गेलं. मी सगळं नाव होईपर्यंत घासत राहिलो. का, ते सांगता येत नाही. मधेच थांबण्याची हिंमत झाली नाही एवढंच.

बापू मिस्त्री केव्हा मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांना थोडंफार वाचता येत होतं, आणि साच्यातली उलटी अक्षरं तर जन्मभर बघितलेली. कागदाकडं बघून ते हळूच म्हणाले, "ज्ञानूचं हाय व्हय."

मी त्यांना निंबाखाली बसवलं आणि विचारलं. ते सांगायला लागले.

"मालकांनी भट्टी घातली, पर साचा जमंना. बीड वतलं की भोकं पडायची. मग ज्ञानूला बोलावलं. कुंभार गडी, मातीतलं समदं कळायचं त्येला. कोयनंची वाळू चाळली, त्यात माती किती, पाणी किती, त्ये त्यानं बसवलं. पयला चरक निगाला त्यो त्येच्या साच्यातनं. आदल्या दिवशी मालकांस्नी म्हणला, माजं नाव पाटीवर ल्हिऊन द्या. मालकांनी दिलं. त्ये बघून बघून त्यानं काडीनं साच्यात कोरलं. पर त्येला काय ठावं, साच्यात सुलट कोरलं की वतल्यावर उलटं येतंय. आलं उलटं. आमी लय हसलो, मास्तर. त्यो बी हसला."

"मग ते घासून काढलं का?" मी विचारलं. मला वाटलं, सापडलं. घासलेल्या अक्षरांची बारीक कड राहिली असेल आणि पेन्सिलीनं ती पकडली असेल.

"घासायचं कशाला? त्यो चरक पयल्याच हंगामात तडकला. फोडला आन घातला भट्टीत. त्येच बीड वापरून दुसरा वतला, त्यो ह्यो." त्यांनी कट्ट्याकडं बोट केलं. "तवर ज्ञानू गेलेला. ह्येच्यावर त्येचं नाव कवाच नव्हतं, आवं. पयला ह्यो, असं लोकं म्हंत्यात, म्हणू द्यावं."

तिथून कुंभारवाडा दोन गल्ल्या पलीकडं होता. कागद हातात होता. मारुतींच्या घरी जाऊन तो त्यांच्या हातात द्यायचा आणि पोरीला सांगायचं की माझं चुकलं - एवढंच करायचं होतं. मी उठलो आणि माझ्या खोलीवर गेलो. म्हटलं, उद्या हेडमास्तरांना सगळं सांगू, मग जाऊ.

सोमवारी सकाळी हेडमास्तरांनी तो कागद हातात घेतला. "वा, छान आलाय," म्हणाले. मग चष्मा वर करून, "अहो, हे खाली काय आहे? संध्याकाळी मालक बघायला येणार आहेत."

मी म्हणालो, "डाग आहे, सर."

"मग काढून टाका."

त्यांच्यासमोर टेबलाशी बसून मी खोडरबरानं ते नाव खोडलं. एकेक अक्षर. रबरानं सहज निघालं, त्यात काही अद्भुत घडलं नाही. जागा पांढरी झाली तेव्हा टेबलावरच कागद धरून पेन्सिलीनं ती पुन्हा करडी केली, बाजूशी जुळेल अशी. ते काम मी फार नीट केलं. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मजकूर माझ्याच अक्षरात आहे - मालकांनी स्वतःच्या हातानं साचा घडवून या भागातला पहिला चरक ओतला. बापू मिस्त्रींनी सांगितलेलं एक अक्षरही त्यात नाही.

मालक खूश झाले. वाईट माणूस नव्हता तो. मी विचारलं असतं तर कदाचित त्यांनीच ज्ञानूचं नाव सांगितलं असतं... पण मी विचारलं नाही. इन्स्पेक्टरांनी वर्गाचं कौतुक केलं. हस्तलिखित साताऱ्याला गेलं. जूनमध्ये मी परमनंट झालो.

पुढच्या आठवड्यात मी दोनदा त्या चरकापाशी जाऊन साध्या कागदावर छाप घेतला. दोन्ही वेळा ती जागा कोरीच आली. वर्षभरात लढाईच्या कामासाठी जुनं बीड गोळा करायला लागले, तेव्हा तोही फोडून भट्टीत घातला. त्यामुळं आज कुणी तज्ज्ञानं तपासतो म्हटलं तरी तपासायला काही नाही. माझा जावई इंजिनीअर आहे. नावगाव न सांगता त्याला मी एकदा विचारलं होतं, की वितळवलेल्या लोखंडात आधीच्या आकाराचं काही राहतं का? तो म्हणाला, "काहीही राहत नाही, बाबा." बरोबर आहे. मीही मुलांना तेच शिकवत आलो.

सुभद्रा शाळेत परत आली नाही. कधीमधी नदीच्या वाटेवर मातीची पाटी डोक्यावर घेतलेली दिसायची. मी दुसऱ्या बाजूला बघायचो. दोन वर्षांनी माझी बदली झाली.

रिटायर झाल्यावर एकदा पाटणला एका लग्नाला गेलो होतो. येताना त्या गावात उतरलो. विचारत विचारत गेलो. सुभद्रा माहेरीच राहत होती, नवरा वारल्यापासून. अंगणात गाडगी वाळत घातलेली. मारुती कधीच गेले होते. तिनं मला लगेच ओळखलं. "या गुरुजी," म्हणाली आणि बाज ओढून दिली. पाणी आणलं.

काय बोलावं, कुठून सुरू करावं, याची मी एस. टी. त तयारी केली होती. पण तीच आधी बोलली. मडक्यांकडं बघत, अगदी साध्या आवाजात.

"गुरुजी, तवा त्ये म्या ल्हिवलं न्हवतं."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

ती वळली. "कवा कळलं तुमास्नी?"

मला खोटं बोलता आलं असतं. नंतर कळलं, बदली झाल्यावर कळलं, असं काहीही.

"चौथ्या दिवशी," मी म्हणालो. "रविवारी."

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल आणि मी ते ऐकून घेईन, त्यासाठीच आलोय. पण ती उठली, पदर खोचला आणि ऊन सरकलं होतं तिकडं एकेक मडकं उचलून ठेवायला लागली. मी थोडा वेळ बसलो. मग निघालो. तिनं मला थांबा म्हटलं नाही.

ते नाव माझ्या हाताखाली कसं उमटलं, हे मला अजून कळलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला ओतकामातलं कळत असेल आणि सुचलं काही, तर जरूर कळवावं. बाकीच्या गोष्टीचं स्पष्टीकरण मी कुणाकडं मागत नाही.