रविवारचा ओला कापूस

मारलं एकानं, मार खाल्ला दुसऱ्यानं आणि शाबासकी वाटत फिरला तिसराच. ही गोष्ट आठवली की अजून माझ्या अंगाची लाहीलाही होते. सुना म्हणतात, या वयात एवढा राग बरा नव्हे. त्यांचं काय जातं म्हणायला!

आम्ही जातीचे माळी. अमरावतीहून कोसभरावर आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी. गोऱ्या पाद्र्याच्या शब्दावर माझा नवरा ख्रिस्ती झाला आणि त्याच्या मागोमाग मी. भावकीनं पाणी तोडलं. त्याच सुमारास दूर देशी कुठं लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला असा भाव चढला, की लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. आम्हीही निम्म्या मळ्यात कापूस लावला.

कापूस वेचायचा तो उजाडता उजाडता, दव असताना. ऊन चढलं की बोंडाखालची वाळकी पानं चुरगळून कापसाला चिकटतात. दवात ती नरम असतात, कापूस स्वच्छ निघतो. मग तो अंगणात चादरीवर पसरून उन्हात वाळवायचा. हे सगळं पाद्री एकदा स्वतः येऊन बघून गेला होता. त्याचे बूट दवानं भिजले. एवढ्या लवकर का वेचता, म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही हे लक्षात ठेवा, कारण तो विसरला.

त्या शनिवारी आम्ही वेचणी केली आणि आभाळ भरून आलं, ते संध्याकाळपर्यंत हललं नाही. रविवारी मात्र लख्ख ऊन पडलं. मी चादर काढली. नवरा म्हणाला, आधी पाद्रीबाबाला विचारून येतो. पाद्री म्हणाला, आज प्रभूचा दिवस, आज काम नाही. कापूस घरात ढिगानं तसाच राहिला आणि सोमवारी नवऱ्यानं तो गाडीत भरून बाजारात नेला, कारण सोमवारी नेतो म्हणून त्यानं व्यापाऱ्याला शब्द दिला होता.

बाजारावर नेमलेल्या साहेबानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला. आत ओल लागली. वजन वाढवायला लबाड लोक तेव्हा कापसावर पाणी मारत, हे खरंच होतं. साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, पाणी मारलं का? माझा नवरा गप्प राहिला. साहेबानं हुकूम केला: बुधवारच्या भरल्या बाजारात बारा फटके, म्हणजे बाकीच्यांना धडा मिळेल.

घरी आला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलेच. "काहून नाई सांगतलं? तोंड नव्हतं का तुमाले?"

"सांगतलं असतं तर पाद्रीबाबाचं नाव निंघालं असतं," तो म्हणाला. "त्यायच्यापायी वाळवला नाई, असं झालं असतं."

मी त्याला ओढतच पाद्र्याकडे घेऊन गेले. साहेब दर रविवारी प्रार्थनेला यायचा, पहिल्या खुर्चीवर बसायचा, नंतर पाद्र्याच्या घरी चहा प्यायचा. पाद्र्यानं एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. मी तेच म्हटलं. "पाद्रीबाबा, तुमीच तं दव पाह्यलं. तुमीच नाई म्हनलं रविवारी. साहेबाले एवढंच सांगा."

पाद्र्याचे डोळे भरून आले, हे मी नाकारत नाही. त्यानं शास्त्र उघडलं आणि एका प्रेषिताच्या पत्रातलं पान आम्हाला वाचून दाखवलं. अर्थ असा, की चाकरांनी धन्याचं ऐकावं, धनी कठोर असला तरी. चूक करून मार खाल्ला तर त्यात काय मोठेपण? पण निर्दोष असून जो मुकाट्यानं सोसतो त्याच्यावर देव प्रसन्न असतो. प्रभूनंही असंच सोसलं, उलट उत्तर दिलं नाही, आणि त्याच्या अंगावरच्या वळांनी आपण बरे झालो.

"आन धन्यायले काय सांगतलं हाय?" मी विचारलं.

त्याचं बोट पानावरून खाली खाली गेलं. "याच्या खाली," तो म्हणाला, "बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, असे आहे."

नवऱ्यानं माझा दंड धरला. "चाल वो," म्हणाला, "राहू दे."

बुधवारी बारा फटके पडले. नवऱ्यानं तोंडातून ब्र काढला नाही. पाद्र्याला वाटलं, ही श्रद्धा. बाजाराला वाटलं, खरंच पाणी मारलं असेल, नाही तर गडी ओरडला नसता का? त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'पाणीवाला'. अकोल्याचे गाडीवानसुद्धा त्याला त्या नावानं ओळखू लागले. मी त्याच्या पाठीला हळद-तेल लावत होते आणि मनात म्हणत होते, या वळांनी कोण बरं झालं? मी तर नाही झाले. पुढच्या रविवारी पाद्र्यानं सगळ्यांसमोर, आधी आमच्या आणि मग साहेबाच्या बोलीत, माझ्या नवऱ्याच्या सोशिकपणाचं कौतुक केलं. पहिल्या खुर्चीवर साहेब बसला होता आणि मानही हलवत होता.

तेव्हा मी ठरवलं, वाचायला शिकायचं. पाद्र्याची बायको बायकांना अक्षरं शिकवायची, तिला फार आनंद झाला. मला त्या आनंदाशी काही घेणं नव्हतं. मला बघायचं होतं, त्या पुस्तकात धन्यांना कुणी काही बोललंय की नाही. दोन हिवाळे लागले. ते पत्र मी स्वतः वाचलं. पाद्री खोटं बोलला नव्हता, तिथं खरंच काही नव्हतं. पण दुसऱ्या एका प्रेषिताच्या पत्रात चाकरांच्या ओळींना लागूनच धन्यांसाठी लिहिलेलं सापडलं: धमकावणं सोडा, तुमचाही धनी वर बसलाय आणि तो कुणाचं तोंड बघत नाही. एवढंच, पण होतं. जन्मभर ते पुस्तक वाचणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, असं मी कसं मानू?

शनिवारी पुस्तक घेऊन मी गेले. नवरा सोबत होता. ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "हे उद्या वाचा. साहेब बसला असताना."

"बाई, साहेबांना मराठी कळत नाही."

"मंग त्यायच्या बोलीत वाचा. आमाले नाई कळलं तरी चालन."

पाद्र्यानं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा झाली. मी लुगडं बदलून बाहेर आले, तर नवरा अंगणात चादर पसरत होता. आदल्या दिवशी वेचलेला, आभाळामुळं न वाळलेला कापूस टोपल्यांतून आणून तो हातानं मोकळा करत होता. आमच्या कुंपणावरूनच प्रार्थनेला जायची वाट होती. लोक थांबून बघू लागले. पाद्रीही थांबला.

"आज प्रभूचा दिवस आहे," तो हळूच म्हणाला.

नवऱ्यानं मान वर केली नाही. "कापूस वला हाय," तो म्हणाला.