दंडावरचा ताईत

कार्बोलिकचा वास आला की प्लेगनंतरच्या वर्षांतली ती दुपार आठवते. मी जुन्नरच्या दवाखान्यात नर्स होते. कागद बनवणाऱ्यांच्या मोहल्ल्यातली एक बाई आठव्या महिन्यात अंगभर सुजून आली होती. दंडावरच्या ताइताचा काळा दोरा मांसात इतका रुतला होता की तिचा हात निळा पडला होता. डॉक्टरसाहेबांनी माझ्या हातात कात्री दिली. "कापून फेका ते." तिने दंड घट्ट धरला. "न्हाई बाई. दोन लेकरं गेली, ह्ये पोटातलं याच्याच राखणीवर हाय. ह्यो अंगावरनं उतरायचा न्हाई." मी नाळ बांधायचा उकळलेला दोरा घेतला, ताइताच्या कडीत ओवून तिच्या गळ्यात बांधला आणि मगच दंडावरचा दोरा कापला. ताईत क्षणभरही अंगावेगळा झाला नाही. "हा दवाखाना आहे, दर्गा नव्हे!" साहेब कडाडले. "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, "ती बाळंत होईपर्यंत रोज येणार." आणि गेलेच. तिला मुलगी झाली, दोघी जगल्या. आता मी म्हातारी झाले, तरी त्या दिवशी माझं चुकलं असं कुणी म्हणून दाखवावं. त्या दिवसाच्या आधी काही वर्षं नवरा गेला तेव्हा माझ्या गळ्यातली मंगळसूत्राची पोत तोडली, मला कुणी विचारलं नव्हतं.