विहीणबाई, तिकीट खिडकी कुठे आहे?

मला स्पॅनिशमध्ये हरवलेल्या सुटकेसची तक्रार करता येते. दाढ दुखते हे सांगता येतं. खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून हॉटेलवाल्याला ठणकावता येतं आणि खिडकीजवळचं, दोघांसाठीचं टेबल मागता येतं. यातलं एकही वाक्य इथे नौपाड्यात कामाचं नाही. गरम पाणी येत नसेल तर गीझर मीच लावायला विसरलेली असते, आणि टेबलापाशी मी एकटीच असते.

मुलगा स्पेनमध्ये नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. सूनही तिथली. गेल्या वर्षी त्याने ठरवलं की आईने तीन महिने येऊन राहायचं, आणि प्रवाशांसाठीच्या सोप्या वाक्यांची एक फाइल मला फोनवर पाठवली. मी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल लावून घेतली.

"आजी, नातवाचा प्रोजेक्ट का?" त्याने विचारलं.

"नाही रे, आजीचाच," मी म्हटलं. "मार्क बघून सांगीन तुला."

घरी आले आणि लाल पेन काढलं. कल्याणच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे हातात कागद आला की मला लाल पेन लागतं. प्रत्येक वाक्याखाली देवनागरीत उच्चार लिहिले. फाइलीबरोबर आवाजही होता. तो लावून ठेवायचा आणि स्वयंपाक करायचा. कुकरची शिट्टी झाली की घरात एक बाई विचारायची, "बसस्थानक इथून किती लांब आहे?" हे गेल्यापासून या घरात इतकं नियमित कोणी काही विचारत नव्हतं. मी उत्तर द्यायचे. चालत दहा मिनिटं, रिक्षा करू नका.

आता विहीणबाईंबद्दल. सुनेची आई. तिलाही नवरा नाही, तीही गावातल्या घरात एकटीच. दर रविवारी लेकीकडे जेवायला यायची. तिकडे दुपारचे बारा वाजले की माझी चहाची वेळ व्हायची. मुलगा फोन लावायचा, माझ्याशी पाच मिनिटं बोलायचा, मग फोन विहिणीच्या हातात द्यायचा आणि दोघं नवराबायको स्वयंपाकघरात पसार. तिला इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश येत नव्हतं. आम्ही दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसायचो. ती मांजर दाखवायची. मी कुंडीतला गवती चहा दाखवायचे. मग पुन्हा हसायचो. गालफडं दुखायची.

एका रविवारी मला राहवलं नाही. पुस्तकातलं पान नऊ उघडलं आणि विचारलं, "दोंदे एस्ता ला ताकिया?" तिकीट खिडकी कुठे आहे?

विहीणबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या डावाने अत्यंत गंभीरपणे मागचा फ्रिज दाखवला.

पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा ती तयार होती. डोक्यावर तिच्या नवऱ्याची जुनी टोपी, पुढ्यात स्टूल, स्टुलावर कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्या. मी माद्रिदची गाडी किती वाजता सुटते ते विचारलं. ती म्हणाली आठ वाजता, फलाट दोन. मी सुटकेस हरवल्याचं सांगितलं. तिने सुटकेस कशी दिसते ते विचारलं असावं, कारण मी काळी म्हटल्यावर तिने मांजर उचलून दाखवलं.

अशी आमची रविवारची अर्धा तास मैफल. आठवड्यात एवढा एकच अर्धा तास कोणीतरी माझ्यासमोर बसून, दुसरं काही न करता, माझ्याशी बोलायचं. उरलेले दिवस मी त्याची तयारी करायचे.

तशात माझी खोड. ती आभार मानताना 'ग्राथियास' म्हणायची. माझ्या फाइलीतली बाई 'ग्रासियास' म्हणत होती. दोन-तीन रविवार मी दम धरला. मग तोंडातून निघून गेलंच, "ग्रासियास, विहीणबाई. सि. सि."

पलीकडे मुलगा होता, तो धावत आला. "अगं आई, काय करतेस? त्यांची भाषा आहे ती. इथे तसंच म्हणतात."

"फाइल तूच पाठवलीस ना?"

"अगं ती मेक्सिकोवाली असेल."

विहीणबाईंना त्याने काय झालं ते सांगितलं. ती इतकी हसली की टोपी खाली पडली. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ चहाचा कप घेऊन तशीच बसले. कारण हे मी आधीही केलं होतं, आणि तेव्हा समोरची बाई हसली नव्हती.

लग्न करून मी शहाडला गेले. नदीकडच्या गावात घर, अंगणात जाळी वाळत घातलेली. आमचं जमवून केलेलं नव्हतं, आम्हीच जमवलेलं होतं, त्यामुळे मी तिथे जरा उपकार केल्यासारखीच गेले. वय चोवीस, दोन वेण्या, नवीन बी.एड., आणि शुद्धलेखनाचा असा गर्व की देवाने समोर येऊन वर दिला असता तरी मी आधी त्याचा अनुस्वार तपासला असता. आज ती मुलगी माझ्या दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा उशिरा देईन.

सासूबाई संध्याकाळी ओटीवर मासळी निवडत गोष्टी सांगायच्या. नदीच्या, पुराच्या, कल्याणच्या बाजाराच्या. त्यांना हुंकार लागायचा. मध्ये मध्ये 'हं' म्हटलं नाही की त्या थांबायच्या.

"हां बोल ना गो. मना कसा समजंल, तू आयकतेस का झोपलीस?"

आणि मी काय म्हणायचे? "आई, मना नाही, मला. आणि पानी नव्हे हो, पाणी."

रागावून नाही, अगदी गोड आवाजात. शाळेत मुलांना सांगायचे तसं. त्या एकदा म्हणाल्या, "बरा, बाई." दुसऱ्यांदा नुसत्या हसल्या. मग त्यांच्या गोष्टी आखूड होत गेल्या. पावसाळा संपेपर्यंत त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागल्या, तेही जपून जपून, पायरी चाचपत उतरावं तसं. गोष्टी कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगायच्या. मी आत वह्या तपासत बसलेली असायचे आणि बाहेरून शेजारणीचं 'हां... हां...' ऐकू यायचं. मला वाटायचं, बरं झालं, शांतता मिळाली. सोळा वर्षं मला ती शांतता मिळाली. मग त्या गेल्या.

तर स्पेन. डॉक्टरांनी माझा ईसीजी काढून पाहिला आणि इतका लांबचा विमानप्रवास यंदा नको म्हणाले. मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू गं." आणि महिन्याभरात सुनेची बदली दुसऱ्या शहरात झाली, आईच्या गावापासून चार तासांवर. रविवारचं जेवण बंद, त्याबरोबर आमचं स्टेशनही बंद. आता फोनवर मुलगा एकटाच. औषधं घेतलीस का, बाई येते का कामाला, चल ठेवतो.

"विहीणबाई कशा आहेत?" मी विचारायचे.

"मजेत असतील. तुझ्याकडे नंबर आहे ना, फॅमिली ग्रुपवर? कर की फोन."

नंबर होता. पण मी पडले मुलाची आई, वरमाय. फोन आधी मुलीकडच्यांनी करायचा असतो. स्पेनमधल्या त्या बिचारीला वरमाय म्हणजे काय हे ठाऊक असण्याचा काही संबंध नाही, तरी मी चार रविवार फोन पुढ्यात ठेवून तिची वाट पाहत बसले. दोन वेण्यांवाली अजून मेलेली नाही, ती अशी कुठून तरी डोकावते. पाचव्या रविवारी तिला गप्प बसवलं आणि बटण दाबलं.

विहीणबाई स्वयंपाकघरात होती. टोपी नाही, केस विंचरलेले नाहीत. मांजरही दिसलं नाही. मी पान नऊ उघडलं आणि माद्रिदची गाडी विचारली.

तिने आठ वाजता म्हटलं नाही. हातातलं फडकं खाली ठेवलं. मग बोलायला लागली. सरळ, भरभर, मला येतं की नाही याचा विचार न करता. त्यातले तीन शब्द मला कळले. लेक. रविवार. एकटी. बाकी सगळं पाण्यासारखं वाहत गेलं.

मी पुस्तक चाळायला लागले. औषधाचं दुकान. पोलीस चौकी. हे फार महाग आहे. मला शेंगदाणे चालत नाहीत. यातलं काय म्हणणार? ती श्वास घ्यायला थांबली, माझ्याकडे पाहिलं. आणि मी काही ठरवायच्या आत तोंडातून निघालं, "हं."

ती पुढे बोलू लागली.

मग मी पुस्तक मिटून ठेवलं. ती थांबली की हं. तिने डोळे पुसले की हं. वीस मिनिटं मी दुसरं काही केलं नाही. कोणाला इतका वेळ हुंकार दिल्याचं मला आठवत नाही.

तिचं संपलं. ती हनुवटीला हात लावून माझ्याकडे बघत बसली. आता माझी पाळी असल्यासारखी.

स्पॅनिशमध्ये माझ्याकडे हरवलेल्या सुटकेसशिवाय काही नव्हतं. म्हणून मराठीतच सुरू केलं. म्हटलं, विहीणबाई, माझी एक सासू होती. तिने मला एक गोष्ट सांगितली होती. एक बाई होती, टोपली घेऊन नावेतून नदीपार कल्याणच्या बाजाराला निघाली. नाव मध्यावर आली आणि नावाडी म्हणाला, आता पुढे मी नेत नाही.

"म्म," विहीणबाई म्हणाली.

बाईने विचारलं, का नेत नाहीस? नावाडी म्हणाला...

इथे मी अडकले. नावाडी काय म्हणाला ते मला माहीत नाही. सासूबाई या जागेवर 'पानी' म्हणाल्या होत्या, 'टोपलीन' म्हणाल्या होत्या, 'बोल्ला' म्हणाल्या होत्या. ते सगळं मला नीट आठवतं. गोष्ट आठवत नाही.

विहीणबाईंनी थोडी वाट पाहिली. मग फोनच्या जरा जवळ येऊन पुन्हा म्हणाली, "म्म?"